सेट कुठला घेऊ? हॅम वाचकांची पत्रं

मागच्या अंकात हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेने वायरलेसवर बोलण्याच्या, परीक्षेबद्दल लिहिलं होतं. परीक्षेबद्दल एकानेही काही विचारलं नाही. आलेली पत्रं जवळजवळ सगळी एकाच प्रश्नाची: सेट कुठला घेऊ? काहींचं मॉडेल ठरलेलंच आहे, माझ्या तोंडून फक्त ‘घ्या’ एवढं ऐकायचंय. ते मिळेलच असं नाही. सांगलीत वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पुढे ते मी चालवलं, आणि गिऱ्हाइकाच्या मनातलं त्यालाच परत न सांगायची खोड तिथलीच आहे. जागेअभावी पत्रं थोडी कापली आहेत.

मी निवृत्त मुख्याध्यापक. जुलै २०२१ चा पूर आम्ही वरच्या मजल्यावर बसून पाहिला. वीज गेलेली, मोबाइल बंद, मुलगा ठाण्याला. आम्ही सुखरूप आहोत हे त्याला कळवायला काही मार्ग नव्हता. तेव्हाच मनाशी ठरवलं. यंदा रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा (खालच्या पायरीचा) परवाना हाती आला. बजेट एक लाख. सगळे म्हणतात आयकॉम ७३०० घ्या. घेऊ का? इमारत चार मजली आहे, गच्ची मिळेल.
– एक वाचक, चिपळूण

सर, ७३०० हा उत्तम सेट आहे, त्यात वाद नाही. २०१६ साली तो आला आणि बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यात, कोण कुठे बोलतंय हे पडद्यावर डोळ्यांनी बघायची सवय त्याने सर्वसामान्य हॅमला लावली. पण तुमच्या पत्रात तीन शब्द आहेत: रिस्ट्रिक्टेड, पूर आणि एक लाख. तिन्ही ७३०० च्या विरोधात जातात.

आधी पैसे. लाखात ७३०० बसवायचा म्हटलं तर तार, केबल, वीजपुरवठा, बॅटरी यांना काही उरत नाही. मी कोणालाही सांगते, रकमेचा तिसरा हिस्सा आधी बाजूला काढून ठेवा आणि उरलेल्यात सेट बघा. अँटेनाला जे ऐकू येत नाही ते लाखाचा सेटही ऐकवणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग ताकद. तुमच्या ग्रेडला ५० वॉटची मर्यादा आहे, म्हणजे १०० वॉटचा सेट घेतलात तरी तो अर्ध्यावर चालवायचा. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ताकद निम्मी झाली की सिग्नल ३ डेसिबलने उतरतो, आणि सिग्नलच्या मीटरवरचा एक ‘एस’, म्हणजे एक घर, ६ डेसिबलचं धरतात. १०० चे ५० केले तर समोरच्याच्या मीटरचा काटा अर्धं घर खाली येईल. ५० वरून २० वर आलात तरी फरक ४ डेसिबल, पुरतं एक घरही नाही. सकाळच्या शांत बँडवर ठाण्याच्या माणसाला तो कळणारही नाही. दुपारच्या खरखरीत किंवा वळवाच्या गडगडाटात मात्र कळेल, म्हणून ५० वॉट हाताशी असलेले बरे.

आता पूर. चिपळूण ते ठाणे सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत. दोन मीटर बँडची हँडी, म्हणजे हातातला वॉकी-टॉकी, हे अंतर कापणार नाही, मध्ये डोंगर आहेत. रिपीटर (सिग्नल झेलून पुन्हा पुढे फेकणारं उंचावरचं स्टेशन) असला तर गोष्ट वेगळी, पण पुरात रिपीटरची वीज टिकेल यावर मी विसंबणार नाही. तुमचं काम ७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे चाळीस मीटर बँडवर आहे. दिवसा हा बँड सरळ वर फेकलेला सिग्नल आयनोस्फियर या वातावरणाच्या वरच्या थरातून परत खाली पाठवतो आणि अख्खा कोकण, देश, घाटमाथा त्या छत्रीखाली येतो. डोंगर मध्ये असले काय, नसले काय. शिवाय अँटेना फार उंच लागत नाही. मध्यावर पाच मीटरचा जीआय पाइप, दोन्हीकडे दहा-दहा मीटर तांब्याची तार, टोकं गच्चीच्या कठड्याकडे उतरती: झाला तुमचा इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या व्हीच्या आकाराची अँटेना. लांबीचं गणित सोपं आहे. १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागा, मीटर मिळतात. ७.१ ने भागलंत तर वीस. तार कापताना प्रत्येक बाजूला वीतभर जास्त ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत फिरते त्याचं माप) बघत बघत छाटा.

अंधार पडल्यावर मात्र तोच बँड लांबचा होतो. दिल्ली, कोलंबो कानाशी बोलतात आणि ठाणं गायब. तेव्हा ३.५ मेगाहर्ट्झवर उतरावं लागतं, आणि त्याला दुप्पट तार. गच्चीवर चाळीस मीटर मावत नसेल तर टोकं वळवून इमारतीच्या कडेने खाली सोडा, चालतं. पुराची बातमी बहुधा रात्रीच द्यावी लागते, म्हणून हे दुसरं डायपोल (अशीच दोन बाजूंच्या तारांची अँटेना) आत्ताच बांधा.

केबलवर उगाच खर्च नको. ७ मेगाहर्ट्झला साधी आरजी-५८ तीस मीटर टाकली तरी जेमतेम एक-दीड डेसिबल जातो. (हीच केबल दोन मीटर बँडला लावलीत तर तीनचतुर्थांश ताकद वाटेतच संपेल, तिथे जाड केबलच हवी.) पैसे घालायचे ते वरच्या जोडावर. कोकणातला पाऊस कोॲक्स केबलच्या उघड्या तोंडातून आत शिरतो, तांब्याची जाळी हिरवी पडते, आणि दोन पावसाळ्यांत ‘सेट बिघडला’ म्हणून लोक माझ्याकडे येतात. रबरासारखी ताणून आपल्यातच चिकटणारी टेप मिळते ती गुंडाळा, आणि केबल जोडातून निघाल्यावर एक झोळ देऊन मग खाली न्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं.

बॅटरीचा हिशोब तुम्ही शाळेत शिकवला असेल. ७३०० नुसता ऐकत बसला तरी साधारण एक अँपिअर खातो आणि पूर्ण ताकदीने बोलताना २१. पन्नास वॉटवरही बारा ते पंधरा धरा. गाडीची ४५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हाताशी बावीस. ऐकण्यावर सबंध दिवस निघेल, बोलणं आवरतं घ्यावं लागेल. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हे सेट १३.८ व्होल्टचे, आणि साधारण पावणेबाराच्या खाली गेले की कुरकुरतात. बॅटरीपासून सेटपर्यंत दोन मीटर अंतर आणि घरातली दीड चौरस मिलिमीटरची वायर वापरलीत, तर पंधरा अँपिअरला पाऊण व्होल्ट वायरमध्येच जिरतो. बोलायला लागलं की सेट बंद पडतो आणि माणूस सेटला शिव्या घालतो. चार चौरस मिलिमीटरची घ्या, पाव व्होल्टावर भागेल. फ्यूज बॅटरीच्या टोकाशी, सेटच्या टोकाशी नव्हे.

तर सेट. तुमच्या जागी मी असते तर याएसूचा एफटी-८९१ घेतला असता. गाडीत बसवायला केलेला, छोटा, १०० वॉटपासून ५ वॉटपर्यंत हवा तसा खाली आणता येतो, चेहरा काढून वेगळा ठेवता येतो. त्यात ट्यूनर (सेटला अँटेनाशी जुळवणारा भाग) नाही, पण मापाने कापलेल्या डायपोलला ट्यूनर लागतच नाही. त्याचे मेन्यू मात्र खोल विहिरीत आहेत, तेवढी तयारी ठेवा. पैसे आणखी कमी घालायचे असतील तर झियेगू जी-९०: २० वॉट, ट्यूनर आतच, आणि हाताला येईल त्या तारेशी जुळवून घेतो. बोलताना आठ अँपिअरच्या आत भागवतो, म्हणजे तुमची बॅटरी खूश. मोठे स्टेशन शेजारी आले की जी-९० चा रिसीव्हर दबतो, ८९१ चा कमी दबतो. माझं मत ८९१ ला जातं ते एवढ्यासाठीच.

आणि सेट घेऊन पुराची वाट बघत कपाटात ठेवू नका. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांची हॅम मोहीम पोर्ट ब्लेअरला चालू होती. जगभरच्या हॅमना अंदमानशी बोलायला मिळावं एवढाच तिचा हेतू. पण सेट जुळलेला होता, तार वर होती, हात रोजचा बसलेला होता, म्हणून त्याच सेटवरून मुख्यभूमीला निरोप गेले. तुम्हीही रोज सकाळी चाळीस मीटरवरच्या नेटला, म्हणजे ठरल्या वेळी हवेत भरणाऱ्या हॅमच्या बैठकीला, हजेरी लावा. मुलालाही परीक्षेला बसवा. ठाण्याच्या टोकाला कोणी ऐकणारं नसेल तर चिपळूणचा सेट काय करणार? बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षा देता येते, तेव्हा नातवंडांचंही बघा. अभ्यास कसा करून घ्यायचा ते मुख्याध्यापकांना मी काय सांगावं.

काकू, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑनलाइन एक चायनीज हँडी दोन हजारांच्या आत मिळतोय. परीक्षा अजून द्यायची आहे, पण तोवर घेऊन नुसतं ऐकलं तर चालेल ना? पीटीटी (बोलायचं बटण) दाबणार नाही. प्रॉमिस.
– पुणे

नाही चालणार. तू दाबणार नाहीस यावर माझा विश्वास आहे, कायद्याचा नाही. असा ट्रान्समीटर बाळगायलाच परवाना लागतो. वेबसाइटवर मिळतो म्हणजे घ्यायला मोकळीक आहे असा अर्थ होत नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना नोटिसा काढल्या त्या याचसाठी, की परवाना लागतो हे न सांगताच वॉकी-टॉकी विकले जात होते.

तोवर कान तयार कर. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर इंटरनेटवर सगळ्यांना खुला आहे, त्यांचा रिसीव्हर तू इथून फिरवू शकतोस. चाळीस मीटरवर जा, एलएसबी (खालची साइडबँड) लाव, आणि बदकाच्या आवाजात बोलणारा माणूस हळूहळू माणसासारखा होईपर्यंत डायल सरकव. मग चौदा मेगाहर्ट्झवर जाऊन यूएसबीवर, म्हणजे वरच्या साइडबँडवर, तेच कर. हा हात बसला की पुढे कुठलाही सेट तुला परका वाटणार नाही.

परवाना आल्यावर हँडी जरूर घे, पण त्या दोन हजारवाल्याच्या मर्यादा समजून. त्यात जवळजवळ अख्खा रेडिओ एका चिपमध्ये असतो. गावाबाहेर टेकडीवर छान ऐकतो. शहरात टॉवरच्या पायथ्याशी नेलास तर शेजारच्या बलाढ्य सिग्नलने गुदमरतो आणि तुला वाटतं रिपीटरच बंद आहे. दुसरं म्हणजे अमेरिकेतल्या एआरआरएल या हॅम संघटनेच्या प्रयोगशाळेने तपासलेल्या अशा स्वस्त हँडींपैकी बऱ्याच सेटच्या हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीत निघणारे नको ते सिग्नल) मर्यादेबाहेर सापडल्या. तू १४५ मेगाहर्ट्झवर बोलतोस आणि २९० वरही तुझा आवाज जातो. तिथे कोण बसलंय ते तुला माहीत नसतं. कॉलेजच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रम ॲनालायझर असेल तर मध्ये भरपूर ॲटेन्युएटर (ताकद कमी करणारे भाग) लावून आपला नग तपासून घे. सरळ जोडलास तर ॲनालायझरचं पुढचं टोक उडेल आणि लॅब असिस्टंट तुला उडवेल.

हँडीसोबत येणारी रबरी अँटेना ही सोय आहे, अँटेना नव्हे. पन्नास सेंटिमीटरच्या आसपासची सळई आणि खाली तेवढ्याच चार काड्या एवढ्यावर गच्चीवर मस्त क्वार्टर-वेव्ह (पाव तरंगलांबीची अँटेना) होते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा रिपीटर चालू असेल तेव्हा ४३७.८०० मेगाहर्ट्झवर तो ऐकू येतो. त्याच्याकडे बोलायचं १४५.९९० वर, ६७ हर्ट्झचा टोन लावून. स्थानक डोक्यावरून जाताना ४३७ ची फ्रिक्वेन्सी दहा किलोहर्ट्झपर्यंत सरकते, म्हणून पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतराने चार-पाच चॅनल आधीच भरून ठेव. हे दोन हजारांच्या सेटवरही होतं, म्हणून सांगितलं.

ताई, सासरे हॅम होते. त्यांच्या मागे केनवूडचा टीएस-४४०एस कपाटात आहे. सुरू केला की पडद्यावर आकड्यांऐवजी नुसती टिंबं येतात. दुरुस्तीवाल्याने भंगार म्हणून सांगितलं. मी यंदा परीक्षा पास झाले. हा विकून नवा घ्यावा का? घरच्यांचा जीव त्यात अडकलाय, माझाही थोडा.
– नाशिक

विकू नका, निदान टिंबांसाठी तरी नको. टिंबं हा या मॉडेलचा जुना, माहितीतला आजार आहे. आतल्या ऑसिलेटरची (फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या भागाची) फ्रिक्वेन्सी लॉक झाली नाही, म्हणजे जागेवर स्थिरावली नाही, की सेट आकडे दाखवायचं सोडून टिंबं दाखवतो. आणि लॉक का होत नाही, तर ऑसिलेटरच्या भागांना कंपनं लागू नयेत म्हणून कारखान्यातच त्यांच्यावर चिकट गोळा ओतलेला आहे. काही वर्षांनी तो ओल धरतो, वीज वाहू लागतो, भागांचे पाय कुरतडतो.

असा सेट टेबलावर आला की मी आधी नाकाने बघते. झाकण काढल्यावर त्या कप्प्यातून आंबूस वास येतो. गोळा कडेला तपकिरी, मध्ये अजून चिकट. धातूचं हत्यार तिथे लावायचं नाही. केस वाळवायच्या यंत्राने जरा ऊब द्यायची आणि बांबूची काडी चपटी तासून एका कडेने उचकटत जायचं. घाई केली तर गोळ्याबरोबर बारीक कॉइल उपटून येते. मोठा भाग निघाला की उरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. मग भिंगातून प्रत्येक पाय बघायचा, हिरवा-काळा झालेला भाग बदलायचा, कप्पा पूर्ण सुकू द्यायचा आणि ट्रिमर (फ्रिक्वेन्सी जुळवायचा छोटा भाग) पुन्हा लावायचा. आकडे आले की पुढचं सोपं. सबंध दुपारचं काम आहे, पण भंगार नाही. ज्याला हे काम ठाऊक आहे असा हॅम शोधा, नुसता टीव्ही दुरुस्त करणारा नको.

दुरुस्तीला पैसे घालण्याआधी बाकीचा सेट तपासून घ्या. टिंबं गेल्यावर डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, ताकद गिळणारा रेझिस्टर) जोडून प्रत्येक बँडवर ताकद किती निघते ते कागदावर लिहायला सांगा. एखाद्याच बँडवर कमी आली तर रिले किंवा फिल्टर, सगळीकडेच कमी आली तर शेवटचे ट्रान्झिस्टर बघायचे. मोठी डायल हळू फिरवा, आकडे उड्या मारतात का बघा. कुठलाही जुना सेट घेताना हेच करायचं, आणि विकणारा म्हणाला ‘डमी लोड नाहीये हो’, तर तो मिळेपर्यंत पैसे खिशात.

चालू झाला तर हा सेट तुम्हाला बरीच वर्षं पुरेल. धबधब्यासारखा रंगीत पडदा नाही, मेन्यू नाहीत, ज्या कामाला जे बटण ते समोर. नवशिक्याला याहून चांगला मास्तर नाही. नाहीच झाला तर याएसू एफटी-७१० बघा, २०२२ चा आहे, पडदाही आहे आणि बटणंही पुरेशी आहेत. एक मात्र आधी करा: सासऱ्यांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला. सेट तुमच्या परवान्याखाली आल्याशिवाय माइकला हात लावू नका.

इमारतीवर सोलर पॅनल बसल्यापासून चाळीस मीटरवर एस-९ चा गोंगाट आहे. डीएसपीवाला (आकडेमोडीने आवाज साफ करणारा) नवा सेट घेतला तर जाईल का?
– सोलापूर

आवाज मऊ होईल, जाणार नाही. नॉइज रिडक्शन गोंगाटाला कानामागे ढकलतं, पण गोंगाटाच्या खाली बुडालेलं स्टेशन वर काढत नाही. तीच रक्कम शोधाशोधीवर घाला.

सूर्य मावळला की गोंगाट जातो का? जात असेल तर चोर इन्व्हर्टर. जात नसेल तर सोलरवर आळ घेऊ नका. सेट बॅटरीवर घ्या, घराचा मेन स्विच पाडा. गोंगाट गेला? मग एकेक एमसीबी वर करत जा. माझ्या अनुभवात चोर बहुतेक वेळा घरातलाच निघतो: स्वस्त एलईडी दिवा, राउटरचा ॲडाप्टर, आणि अलीकडे रिमोटवाला बीएलडीसी पंखा. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून घाम पुसत डीएक्स करायचं, म्हणजे दूरदेशी बोलायचं, की पंख्याखाली बसायचं हे तुम्ही ठरवा. चोर शेजाऱ्याकडे असेल तर बॅटरीवरचा छोटा मीडियम वेव्ह रेडिओ घेऊन जिन्यातून फिरा, मीटर बोर्डापाशी तो किंचाळतो. शेजाऱ्याशी बोलताना आधी चहा, मग फेराइट (वायरीतला गोंगाट अडवणारी रिंग). रिंग ३१ नंबरच्या मिश्रणाची मागवा, अँटेनाच्या कोॲक्सचे दहा-बारा वेढेही त्यातून काढा.

इतकं करूनही नवा सेट घ्यायचाच असेल तर मागची बाजू बघून घ्या. ऐकायला गच्चीच्या कोपऱ्यात छोटी लूप (तारेच्या वेटोळ्याची अँटेना), बोलायला डायपोल अशी वाटणी गोंगाटाच्या शहरात फार कामाला येते, पण त्याला रिसीव्ह अँटेनाचा वेगळा सॉकेट लागतो. ७३०० च्या मूळ मॉडेलला अँटेनाचा एकच सॉकेट आहे. २०२५ साली जाहीर झालेल्या मार्क टू मध्ये वेगळी सोय दिली आहे. केनवूड टीएस-५९०एसजीलाही ती आहे.

रिसीव्हर मोजून क्रम लावणाऱ्या शेरवूड यांच्या तक्त्यात याएसूचा एफटीडीएक्स १० वरच्या ओळींत आहे आणि ७३०० बराच खाली. जास्त पैसे घालावेत का?
– बंगळुरू

तो तक्ता प्रामुख्याने एकच गोष्ट मोजतो: दोन किलोहर्ट्झ पलीकडे शेजारचं स्टेशन ओरडत असताना सेटला हळू आवाज कितपत ऐकू येतो. तुम्ही युरोपातल्या स्पर्धेच्या शनिवार-रविवारी बसणार असाल किंवा तुमच्या गल्लीत आणखी एक हॅम असेल तर त्या आकड्याला अर्थ आहे. एरवी बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये तुमचा शत्रू गोंगाट आहे, शेजारी नव्हे.

७३०० वर ‘ओव्हीएफ’ (सिग्नल झेपेनासा झाला) अक्षरं उमटतात म्हणून बरेच जण घाबरून महाग सेट घेतात. चाळीस मीटरवर प्रीअँप (आलेला सिग्नल आधीच वाढवणारा भाग) बंद करा आणि आरएफ गेन थोडा खाली आणा. अक्षरं गेली, पैसे वाचले. प्रीअँप ठेवायचा तो दहा मीटरसाठी. तो बँड सूर्य जोरात असला की उघडतो, आणि त्याचे दिवस अजून बरे आहेत. सौरचक्राचा कमाल टप्पा आल्याचं नासा आणि नोआने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं, इथून पुढे उतारच. म्हणून पैसे साठवत बसण्यापेक्षा हातात असलेल्या सेटवर आधी दहा मीटर वाजवून घ्या. एफटी-८ (संगणकाकडून छोटे निरोप पाठवायची पद्धत) करणार असाल तर ताकद तीस-चाळीस वॉटवर ठेवा. दर पाळीला जवळजवळ तेरा सेकंद सलग पूर्ण ताकद देत राहिलं की कुठल्याही तक्त्यातला सेट तापतो.

दिवाळीत भारतात येतोय. इथे माझ्याकडे अमेरिकेचा परवाना आहे. सेट बॅगेत टाकून आणू का? नाशिकला आईकडे ठेवायचा आहे.
– न्यू जर्सी

भारतातला परवाना किंवा परवानगी हातात नसेल तर बॅगेत टाकू नका, विमानतळावर कस्टम्सला समजावताना दिवाळी जाईल. कागद आधी, सेट नंतर.

कागद झाले तर दोन गोष्टी. सेट १३.८ व्होल्ट डीसीवर चालतो, त्याला फरक पडत नाही. पण तुमचा ११० व्होल्टचा सप्लाय तिकडेच ठेवा, इथे २३० वाला घ्या. आणि इथले बँड अरुंद आहेत. चाळीस मीटर ७.२०० मेगाहर्ट्झला संपतो, तुमच्यासारखा ७.३०० ला नाही. दोन मीटर १४६ पर्यंत, सत्तर सेंटिमीटर ४३४ ते ४३८. तिकडचा सेट याच्या बाहेर बिनतक्रार ट्रान्समिट करेल, अडवणार नाही. आईचं नाव आणि पत्ता या प्रकरणात येऊ देऊ नका.

आजी, मी तेरा वर्षांची आहे. पप्पा म्हणतात सेट महाग असतो. मी स्वतः बनवू शकते का? मला सोल्डरिंग येतं.
– कोल्हापूर

येतं ना सोल्डरिंग? मग बनव. हैदराबादचे अशहर फरहान यांनी २००३ साली बिटएक्स नावाचा सेट मांडला तो याच विचाराने, की साध्या बाजारात मिळणाऱ्या ट्रान्झिस्टर-डायोडवर एसएसबी (एकाच साइडबँडवर बोलणारा) सेट उभा राहावा. जगभर लोकांनी तो बनवला. त्याच घराण्यातला मायक्रोबिटएक्स दहा वॉटच्या आसपासचा, सगळ्या एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या) बँडवर चालणारा. त्याचा बोर्ड तयार मिळतो, जोडणी तू करायची. दहा वॉटवर आणि पप्पांनी बांधलेल्या डायपोलवर कोल्हापूरहून हैदराबादशी बोलणं अवघड नाही. परवाना येईपर्यंत तयार बोर्ड घेऊ नकोस, बिटएक्सच्या रिसीव्हरचाच भाग जोड, ट्रान्समीटरचे सुटे भाग डब्यात राहू दे.

सेटच्या आधी मात्र डमी लोड बनव, म्हणजे तपासताना सिग्नल हवेत जाणार नाही. एक किलो-ओम, दोन वॉटचे वीस रेझिस्टर घे. तांब्याच्या दोन चकत्यांमध्ये शेजारी-शेजारी उभे करून सगळे समांतर जोड. हजाराला विसाने भाग, पन्नास ओम झाले, आणि मिळून चाळीस वॉट सोसतात. दुकानात कार्बन फिल्मचे किंवा मेटल ऑक्साइडचे माग. वायरवाउंड देतील, ते घेऊ नकोस. त्यांच्या आत तारेची गुंडाळी असते आणि एचएफवर ती कॉइलसारखी वागते.